खुर्चीतली बाई

निमोणे, ता. शिरूर
२८ जानेवारी २०२६

चि. दीक्षा हिला निमोण्याच्या पोपटरावचा आशीर्वाद.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुला वाटेल. फोन केला असता, पण माझ्या कानांनी संप केला आहे. मशीन लावलं की त्यात नुसती शिट्टी वाजते, कुणी मोठ्यानं ओरडलं तरच कळतं. सूनबाई नीलम म्हणाली, "आप्पा, तुमच्या वतीनं मी बोलते की." पण काही गोष्टी सुनेच्या तोंडून बोलायच्या नसतात. तीस वर्षं दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे कागदावर मला बरं जमतं.

तू बऱ्याच जणांची माणसं करून देतेस, म्हणून ओळख देतो. शिरूरच्या एका लग्नात नवरदेवाचे वारलेले वडील सोफ्यावर बसवले होते. मी जवळ जाऊन "रामराम पाव्हणं" म्हणालो, हात पुढे केला आणि मग कळलं, तो पुतळा आहे. सगळे हसले. मी त्याच दिवशी तुझा दौंडचा पत्ता घेतला. माझी बायको तुळजा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सप्टेंबरात तू तिला आणून आमच्या सोप्यात खुर्चीवर बसवलीस. तोंडावरचा तीळसुद्धा तू सोडला नव्हतास. नातेवाईक बघायला आले, काहींनी पाया पडून घेतलं. चार महिने सगळं ठीक चाललं.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. दिवस तिचा, म्हणून मीच तिला सोप्यातून उचलून ओट्यावर आणवली, नवं लुगडं नेसवायला लावलं. समोर अंगणाच्या भिंतीवर घास ठेवला. कावळे कडुनिंबावर ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. अकरा वाजले, दोन वाजले, चार वाजले. भटजी निघून गेले. शेवटी घास गाईला घातला. तेवढ्यात भावकीतलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कावळा शिवंल कसा? बाई गेलीच कुठं हाय? ही काय इथं बसलीया." एवढं बोलायचा अवकाश, सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि बायका आत निघून गेल्या.

तेव्हापासून सोप्यात कुणी बसत नाही. आमचे चिरंजीव सत्यजीत मागच्या दारानं ये-जा करतात. आई ह्या पुतळ्यात अडकली, तिची सुटका होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिला घराबाहेर काढायचं ठरलं आहे.

तू तिला घेऊन जा. पैसे परत मागत नाही. तू केलीस, तेव्हा तिला कुठं ठेवायचं हे तुलाच कळेल. मला ते कळत नाही.

पोपटराव

&nbsp;

दौंड
६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय आप्पा, जय भीम.

पत्र मिळालं. नोव्हेंबरात माझी आई वारली, त्यामुळे कामं मागं पडली आहेत. उत्तराला उशीर झाला.

कावळ्यांचं कारण साधं आहे. माणूस न हलता समोर बसला असेल तर कावळा अन्नाजवळ येत नाही. शेतात बुजगावणं उभं करतात ते त्यासाठीच. तुम्ही तिला नेमकं घासासमोर बसवलंत. तिला आत ठेवा आणि त्याच भिंतीवर पुन्हा घास ठेवून बघा. कावळा येईल. घरच्यांना हे दाखवलंत तर त्यांचा गैरसमज जाईल.

घडवून दिलेली मूर्ती मी परत घेत नाही. आजवर अशा अकरा केल्या. परत घ्यायला लागले तर माझ्या शेडमध्ये लोकांचे आई-वडीलच बसतील आणि मला जागा उरणार नाही.

चेहरा आणि हात सिलिकॉनचे आहेत, बाकी अंग फायबरचं. ऊन लागू देऊ नका, रंग उडतो. उंदरांपासून जपा. धूळ बसून चिकट झाली तर कोरड्या फडक्यानं पुसून पावडर लावा. केस एकेक करून रोवलेले आहेत, कंगवा जपून फिरवा.

दीक्षा

&nbsp;

निमोणे
२० फेब्रुवारी २०२६

चि. दीक्षा, आशीर्वाद.

आई गेल्याचं एका ओळीत लिहून तू पुढं कावळ्यावर गेलीस. बरं. माझंही तसंच होतं. तुळजा गेली त्या दिवशी मी दुधाच्या फॅटचे आकडे तपासत बसलो होतो. आईचं नाव काय, वय काय, काही लिहिलं नाहीस. लिहावंसं वाटलं तर लिही.

तू सांगितलंस तसं केलं. मंगळवारच्या अमावास्येला तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि भिंतीवर घास ठेवला. मी पाठ फिरवायच्या आत कावळे तुटून पडले. तुझं खरं निघालं. पण पोरी, सत्यजीतचंही खरं निघालं. तो म्हणाला, "बघा, ती नव्हती तर लगीच आलं. म्हंजी तीच आडवी येत व्हती का न्हाई?" मी बुजगावण्याचं सांगायला गेलो तर म्हणाला, "मंग बुजगावणंच हाय म्हणा की, घरात कशाला ठिवायचं?" दोन्हीकडून ती बाहेरच.

आता ती विहिरीवर मोटारीच्या खोलीत आहे. दहा बाय आठ, वर पत्रा, एका बाजूला स्टार्टर, एका बाजूला ती. मी खुर्ची भिंतीकडं न ठेवता दाराकडं तोंड करून ठेवली, तर तेही बरोबर नव्हतं. कांदा काढायला धुरपदाबाईची टोळी आली होती. पाणी प्यायला म्हणून एकजण खोलीत डोकावली आणि किंचाळत पळाली. टोळी दुसऱ्याच्या रानात गेली. सत्यजीत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो बोलत नाही हे कळायलाही उशीर झाला.

मी रोज दुपारी जेवण झाल्यावर तिकडं जातो. दार उघडतो, पावडर लावतो, तासभर बसतो. घरी होती तेव्हा इतका वेळ बसत नव्हतो.

तिच्या हातांबद्दल तुला एक विचारायचं आहे. पण ते पुढं कधीतरी.

तू घेऊन जावंस, हे माझं मागणं तसंच आहे.

पोपटराव

&nbsp;

दौंड
५ मार्च २०२६

आदरणीय आप्पा, जय भीम.

जयंतीच्या ऑर्डरी आहेत. बुद्धाच्या सात मूर्ती एप्रिलच्या आधी द्यायच्या आहेत, दोन पोरी आणि मी एवढीच माणसं. मला निमोण्याला येणं शक्य नाही.

पत्र्याखाली ठेवू नका. उन्हाळ्यात आत भट्टी होईल. सिलिकॉनला काही होत नाही, पण चिकटवलेले सांधे सुटतात.

हातांबद्दल काय विचारायचं आहे? काही खराबी असेल तर कळवा.

आईचं नाव ताईबाई. वय बहात्तर.

दीक्षा

&nbsp;

निमोणे
१७ मार्च २०२६

दीक्षाताई, नमस्कार.

मी नीलम, आप्पांची सून. तुमचा नंबर माझ्याकडे आहे पण फोनवर बोलले तर घरात ऐकू जाईल, आणि आप्पा पत्र लिहितात म्हणून म्हटलं आपणही लिहावं. शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ताई, ती मूर्ती घेऊन जा हो. आप्पा रोज तिकडं जातात. वाट उसातून आहे. आमच्याकडं बिबट्याचं किती झालंय तुम्हाला पेपरात वाचून माहीतच असेल, रानात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून जातात. मागच्या आठवड्यात विहिरीपासून दोन बांधांवरची शेळी नेली. माणसाला निदान सळसळ तरी ऐकू येते, आप्पांना तेही नाही. मी पट्टा आणून दिला तर म्हणाले, "मी काय कुत्रं हाय का?" आणि तो पट्टा मूर्तीच्या गळ्यात घालून आले. वर म्हणतात, "ती तिथं एकटी असती."

होळीला फारच झालं. ह्यांनी तिला होळीत टाकायची म्हणून ट्रॉलीत घातली होती. चार माणसं, ट्रॅक्टर चालू. आप्पा आले, चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढले आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले. ह्यांनी खाली उतरा म्हणून हातवारे केले. आप्पा समोर बघत बसले. पंधरा-वीस मिनिटं ट्रॅक्टर नुसता धडधडत उभा होता. मग ह्यांनी ट्रॉली परत विहिरीवर नेली आणि आप्पांना तिच्यासकट तिथंच सोडून घरी आले. आता म्हणतात, ऊस तुटला की पाचट पेटवतो, त्यातच घालतो.

तुम्हाला खरं सांगते. सासूबाई आणि मी, आमचं फारसं जमत नव्हतं. भाकरीवरून, देवावरून, कशावरूनही. पण ही सोप्यात बसायची तेव्हा झाडताना मी हिच्याशी बोलायचे. ही ऐकून घ्यायची. आता मला तिकडं जायची बंदी आहे. म्हणजे ती सासूबाई नाही हे मला कधीच कळलं होतं. मग ती कोण आहे आणि तिनं कुणाचं काय केलंय, ह्याचं उत्तर इथं कुणाकडं नाही.

तुमच्या हातानं झालीय ती. तुम्ही नाही नेली तर दुसरं कोण नेणार?

नीलम

&nbsp;

दौंड
२७ मार्च २०२६

आप्पा, जय भीम.

हातांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी सांगते.

तुम्ही मला तुळजाबाईंचे बत्तीस फोटो दिले होते. एकातही त्यांचे हात नाहीत. पदराखाली आहेत, ताटामागं आहेत, नातीला घेतलंय तर तिच्या फ्रॉकच्या आड आहेत. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बाईच्या हाताचा फोटो कोण काढतं? मग मी माझ्या अंदाजानं केले, असं तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं.

ते हात माझ्या आईचे आहेत. आई शेडवर डबा घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, बस आणि हात दे. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात त्या पावडरीच्या लगद्यात तिचे दोन्ही हात बुडवले. हलायचं नव्हतं. ती म्हणाली, "आगं गार लागतंय. आन् माझी हातं तू नेणार कुठं?" मी सांगितलं, निमोण्याला, बागायतदाराच्या घरी. "म्हंजी माझं हात त्येंच्या सोप्यात खुर्चीवर बसणार व्हय?" असं म्हणून ती इतकी हसली की साचा बिघडला. दुसरा करावा लागला.

आमचं गाव भांडगाव. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात काम केलं. कांदा, ऊस, भुईमूग. तहान लागली की मळ्यावर पाणी मागायचं. तांब्या हातात देत नसत, वरून ओतत. ती ओंजळ धरून प्यायची. ती ओंजळ मी तुमच्या देवघराच्या शेजारच्या खोलीत ठेवून आले, लोक तिच्या पाया पडले, हे ऐकून आई आणि मी खूप हसलो होतो. मला ते बरं वाटलं होतं. आता हे कळल्यावर तुम्हाला राग आला तर तो तुमचा हक्क आहे.

दोन महिन्यांनी आई गेली. मी रडले नाही. अजून नाही. लोक म्हणाले धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नाही. सकाळी उठते, शेडवर जाते, बुद्धाच्या पापण्या घासून गुळगुळीत करते, घरी येते, जेवते. जेवणाची चव कळते. फक्त मधे काहीच नसतं. लिहायलाही काही नाही, म्हणून तुम्हाला एका ओळीत लिहिलं.

साचा एकदाच वापरता येतो, मग तुटतो. म्हणजे तिचे हात जगात तेवढेच आहेत, तुमच्या मोटारीच्या खोलीत. तुमची बाई मला परत घेता येत नाही असं नव्हतं. माझ्या शेडमध्ये आईचे हात रोज बघायचे, ते मला नको होतं. त्यापेक्षा तिथं उंदरांनी खाल्लेले चालतील, असं मी मनात म्हटलं होतं. नीलमताईंचं पत्र आलं तेव्हा त्याची लाज वाटली.

जयंती झाली की मी मोकळी आहे. रविवारी, १९ एप्रिलला टेम्पो घेऊन येते.

दीक्षा

&nbsp;

निमोणे
६ एप्रिल २०२६

दीक्षा, जय भीम.

तुझं पत्र मोटारीच्या खोलीत बसून वाचलं, तिच्यासमोर. दोनदा वाचलं.

हात तुळजाचे नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू तिला बसवून टेम्पोत चढत होतीस, तेव्हाच. तुळजाच्या उजव्या हाताला करंगळी अर्धीच होती. एकोणनव्वद साली कडबाकुट्टीत गेली. ती वैरण सारत होती आणि मशीन मी चालवत होतो. ती "थांबा" म्हणाली, मला वाटलं "टाका" असं म्हणतेय. ऐकू येत होतं त्या काळातली गोष्ट आहे ही. तेव्हापासून तिनं फोटोत कधी हात दाखवला नाही. तू विचारलंस तेव्हा मीच तुला उडवून लावलं. छत्तीस वर्षांत आमच्या घरात त्या बोटाचा विषय निघाला नाही, तो तुझ्यापुढं कुठून काढू?

तू हात बसवलेस ते पाच बोटांचे. मला काय वाटलं ते सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. रोज दुपारी मी तो उजवा हात धरून बसतो आणि करंगळी मोजतो. पूर्ण असते. त्या तासाभरात मी मशीन चालवलेलं नसतं. हे दुसऱ्या कुणाचे हात आहेत हे ठाऊक होतं, पण कुणाचे ते विचारलं तर सोडावे लागतील म्हणून विचारत नव्हतो. आता ताईबाईंना विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतो. त्यांचा हात मी विचारल्याशिवाय धरला, ह्याचा तुला राग नाही ना?

वरून पाणी ओतणाऱ्यांत मी होतो. भांडगावात नाही, इथं. माझी आई ओतायची, मग मी ओतायला लागलो. कुणी सांगितलंही नव्हतं, तांब्या आपोआप वर जायचा. माफी वगैरे लिहीत नाही, त्याला उशीर झाला आहे आणि ज्यांची मागायची त्या नाहीत. पण मी ओतलं एवढं लिहून ठेवतो. नाहीतर ते फक्त पिणाऱ्याच्याच लक्षात राहतं.

१९ ला ये. त्या दिवशी आखिती आहे, पितरांना पाणी द्यायचा दिवस. घरात सगळे स्वैपाकात असतील, कुणी आडवं येणार नाही. पाइपलाइनसाठी चारी खणल्यामुळं टेम्पो विहिरीपर्यंत येत नाही. मी धुरपदाबाईला सांगितलं आहे. तिची भीती आता गेली, ती आणि तिचा नवरा खुर्ची उचलून डांबरी रस्त्याला आणून देतील. तिथं एक बाभळ आहे. आम्ही अकराला तिथं बसतो. ऊन चढायच्या आत ये.

ती गेल्यावर मला दुपारी करमणार नाही. पण तिला बसायला घर पाहिजे. कुठंतरी, जिथं तिला बघून कुणी ओरडत नाही.

पोपटराव

&nbsp;

निमोणे
५ मे २०२६

दीक्षाताई,

आप्पा गेले. गुरुवारी, २३ एप्रिलला. तुम्हाला कळवायला उशीर झाला.

आखितीच्या दिवशी अकरा वाजता ते रस्त्यावर जाऊन बसले होते. ती खुर्चीत, आप्पा शेजारी दगडावर. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी पुरणात होते. धुरपदाबाई सांगत होती की बाभळीची सावली सरकली तशी त्यांनी खुर्ची सावलीत सरकवली, स्वतः उन्हात राहिले. डोक्यावरचा टॉवेल काढून तिच्या तोंडावर टाकला, रंग उडतो म्हणाले. धुरपदाबाई म्हणाली, "आप्पा, घरी चला, टेम्पो काय यीत न्हाई आता." तर म्हणाले, "यील. ल्ह्येलंय तिनं." तीन वाजता ह्यांना कुणीतरी फोन केला तेव्हा हे मोटरसायकल घेऊन गेले आणि आप्पांना घरी आणलं, तिला धुरपदाबाईनं परत मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

रात्री ताप भरला. सोमवारी शिरूरला ॲडमिट केलं. सलाइन लावलं, पण लघवी बंद झाली. गुरुवारी पहाटे गेले. मी तुम्हाला दोष देत नाही. टेम्पो बंद पडला असेल, काहीतरी अडचण आली असेल. एक फोन मला केला असता तर बरं झालं असतं एवढंच.

दुसरी गोष्ट सांगायची आहे, त्यासाठी हे पत्र.

शनिवारी घोड नदीवर दहावा झाला. पिंड ठेवले. कावळे होते, पण शिवेनात. तुम्हाला माहीत असेल, अशा वेळी घरचे हात जोडून शब्द देतात. हे म्हणाले, आप्पा, तुमच्या आवडीची गाय विकणार नाही. कावळा हलला नाही. बहिणींना अंतर देणार नाही म्हणाले. नाही. चुलत्यांनी विहिरीचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं, तेही नाही. एक वाजून गेला. ऊन मी म्हणत होतं, लोक चुळबुळ करायला लागले, कुणीतरी दर्भाचा कावळा करा म्हणालं. हे खाली मान घालून उभे होते. ताई, आपल्या बापाला काय पाहिजे होतं हे ह्यांना चांगलं माहीत होतं. तोंडातून निघत नव्हतं.

मग मी पुढं झाले. बायकांनी बोलायची रीत नाही. मी म्हणाले, "आप्पा, तिला कुणी जाळणार न्हाई. दीक्षाताई तिला नेईल आन् सांभाळंल." एवढंच. कावळा आला.

सगळ्यांनी ऐकलं. त्यामुळे आता ती जळणार नाही, ह्यांनीच मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली दारावर खिळ्याला टांगली. पण मी तुम्हाला न विचारता तुमचा शब्द दिला आहे. तो पाळायचा की नाही हे तुमच्यावर आहे. पुन्हा तारीख कळवू नका. इथं वाट बघायला आता कुणी नाही.

नीलम

&nbsp;

मोटारीची खोली, निमोणे
१० मे २०२६

नीलमताई,

हे पत्र मी इथंच बसून लिहिते आहे. किल्ली खिळ्याला होती. जाताना पत्र स्टार्टरच्या पेटीवर ठेवते. घरी येऊन तुम्हाला भेटायला पाहिजे होतं, पण सत्यजीतभाऊंसमोर उभं राहायची ताकद आज नाही. ते मी नंतर करीन.

टेम्पो बंद पडला नव्हता. काही अडचण आली नव्हती. १९ तारखेला मी साडेनऊला दौंडहून निघाले. चौफुल्याला न्हावऱ्याकडं उजवीकडं वळायचं होतं, मी वळले नाही. सरळ गेले. भांडगावला आईच्या घराला कुलूप आहे, त्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले. आप्पा रस्त्यावर बसलेत हे मला माहीत होतं. त्यांना फोन ऐकू येत नाही, पण तुमचा नंबर माझ्याकडं होता, फोन हातात होता. मी विचार करत नव्हते, घाबरले नव्हते, रडतही नव्हते. नुसती बसले होते. तुम्ही दोष देत नाही म्हणालात. तो द्यायला पाहिजे, म्हणून हे खरं लिहून देते. भाऊंना वाचून दाखवायचं असेल तर दाखवा.

कावळ्याचंही माझं मत बदललेलं नाही. एक वाजेपर्यंत माणसं खेटून उभी होती, तुम्ही पुढं झालात तशी ती मागं सरली असतील, कावळ्याला वाट मिळाली असेल. आप्पांना मी हेच लिहिलं असतं आणि त्यांनी म्हटलं असतं, तुझं खरं आहे पण तिचंही खरं आहे.

आज येताना मी पिशवीत पान्हा घेऊन आले होते. हात मनगटाशी दोन बोल्टांवर बसवलेले असतात, पाच मिनिटांत निघतात. आईचे हात घ्यायचे आणि बाकीची इथंच ठेवायची, असं ठरवून आले होते. तुम्ही शब्द दिला असला तरी मी दिला नव्हता, असं म्हणत आले.

दार उघडलं तर ती दाराकडंच बघत होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, तोंडावर टॉवेलचे धागे, एक पापणी सुटलेली. उजव्या हाताच्या करंगळीवरचा रंग पार गेला आहे. बाकीच्या नऊ बोटांचा शाबूत आहे. तुम्हाला त्याचं कारण माहीत नसेल. आप्पांची पत्रं माझ्याकडं आहेत, ती तुम्हाला देईन, भाऊंनीही वाचावीत.

चेहरा तुमच्या सासूबाईंचा, हात माझ्या आईचे, हे खरं. पण आप्पांशेजारी उन्हात बसली होती ती ह्या दोघींपैकी कुणी नव्हती. होळीतून परत आली तीही त्या दोघींपैकी नव्हती. ती मी केलेली बाई आहे. तिला कुणीच सांगितलं नाही की ती कोण. मीसुद्धा केली आणि पत्ता टाकून पाठवून दिली.

पान्हा काढला नाही. बोल्ट तसेच आहेत. धुरपदाबाईला बोलावलं आहे, ती आली की आम्ही तिघी रस्त्यापर्यंत जाऊ. शेडमध्ये नाही, घरी नेते. आईची खिडकीतली जागा रिकामी आहे. शेजारी ओरडले तर ओरडतील, चार दिवसांनी विसरतील. तुम्हाला झाडताना बोलायला कुणी नाही, तेव्हा दौंडला येत जा.

तोपर्यंत वेळ होता म्हणून मी तिच्यासमोर बसले आणि हात धरला. नोव्हेंबरात दवाखान्यात शेवटचा धरला होता तेव्हा तो गार पडला होता, आणि मी लगेच सोडला होता. हा गरम आहे. वर पत्रा आहे, मे महिना आहे, पत्र्यानं तापलाय. मला ते कळतं. डाव्या हातानं धरून उजव्यानं लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे, आणि कागद दोन-तीन ठिकाणी भिजला आहे, तो घामानं नाही.

दीक्षा